सहावी आज्ञा आणि पंडिता रमाबाई

उपासनेत दहा आज्ञा म्हटल्या जातात तेव्हा सहावीपाशी आल्यावर मंडळीस जरा हायसे वाटते, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा ऐकून शेतकरी मान खाली घालतो, कारण पेरणीच्या घाईत त्याने ती मोडलेली असते. आठवी ऐकताना दुकानदारास आपली तागडी आठवते आणि नववी ऐकताना कोणास तालुक्याच्या कोर्टात दिलेली साक्ष आठवते. परंतु सहावी आज्ञा मनुष्यवधाची मनाई करते, आणि आपण तर कोणाच्या मानेवर कोयता चालविलेला नाही, अशा निश्चिंत मनाने ती सर्व जण मोठ्या आवाजात म्हणतात. पूर्णेच्या आसपासच्या गावांत बांधावरून तंटे होतात, क्वचित रक्तही सांडते. पण ते करणारे निराळे, आपण निराळे, अशी आपली समजूत असते.

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या मंडळ्यांत नेहमी सांगण्यात येते. कोणी त्यांच्या विद्वत्तेसाठी सांगतो, कोणी केडगावच्या मुक्ती मिशनसाठी. या खेपेस ते सहाव्या आज्ञेच्या उजेडात वाचून पाहावे असे मनात आले, कारण या बाईंच्या आयुष्यात अकाली मरण जितक्या वेळा दाराशी येऊन उभे राहिले तितके फार थोड्यांच्या आयुष्यात आले असेल. आणि त्यातील बहुतेक मरणांत कोणाच्याही हाती शस्त्र नव्हते.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे संस्कृतज्ञ. आपल्या पत्नीस, म्हणजे लक्ष्मीबाईंस, त्यांनी संस्कृत शिकविले, एवढ्यासाठी त्यांस आपल्या जातभाईंचा रोष सोसावा लागला. रानात घर बांधून त्यांनी विद्यार्थी ठेविले, येणाऱ्याजाणाऱ्यास अन्न दिले, दानधर्म केला, आणि असे करता करता जवळचे सर्व संपले. मग हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले ते पुन्हा कधी घर करून राहिले नाही. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, ऐकणारे जे ठेवतील त्यावर गुजराण करावी, असा त्यांचा क्रम. लहान रमेस आईने याच वाटेवर संस्कृत पढविले.

पुढे दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. रमाबाई त्या वेळी सोळा वर्षांच्या आसपास होत्या. पुराण ऐकावयास कोण येणार? उरलेसुरले दागिने गेले, चांगली वस्त्रे गेली, भांडी गेली. या कुटुंबास अंगमेहनतीचे कोणतेही काम येत नव्हते. पुराणिकाच्या मुलांनी मजुरी करणे कमीपणाचे, आणि भीक मागणे त्याहूनही कमीपणाचे, असे त्यांच्या मनात लहानपणापासून ठसलेले. शेवटी अन्नाचा कणही उरला नाही तेव्हा, लोकांसमोर लाज जाण्यापेक्षा रानात जाऊन मरावे, अशा विचाराने ते तिरुपतीच्या बाजूच्या जंगलात शिरले. अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढले. हे सर्व रमाबाईंनी पुढे आपल्या हाताने लिहून ठेविले आहे.

अकराव्या दिवसानंतर वृद्ध शास्त्रीबुवांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. डोळ्यांनी अंधत्व आलेले, शरीर थकलेले, आणि आपल्या भाराने मुले मरत आहेत हे दिसत असलेले. जुन्या समजुतीप्रमाणे पवित्र तळ्यात देह सोडणे हे पाप नव्हे, उलट पुण्य. त्यांनी मुलांचा निरोप घेतला, धाकट्या मुलीस पोटाशी धरून शेवटचा उपदेश केला. एकामागून एक सर्वांनीच बुडून मरावयाचे, असे ठरत आले होते. त्या क्षणी थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला. आपण मजुरी करू, कोणाची चाकरी करू, पण वडिलांनी तळ्यात जाऊ नये, असे त्याने सांगितले. कुळाचा अभिमान त्या तरुणाने तेथे जंगलातच टाकून दिला. शास्त्रीबुवा थांबले. सर्व जण जंगलातून बाहेर पडून एका गावी आले, तेथे त्यांस थोडे अन्नही मिळाले; पण वृद्ध देह फार खचला होता, आणि थोड्याच दिवसांत तापाने त्यांचा अंत झाला.

येथे क्षणभर थांबणे भाग आहे. आपल्या मराठवाड्यात गेली पंचवीस-तीस वर्षे कर्ज, नापिकी आणि अवर्षण यांमुळे शेतकऱ्यांनी स्वतःचा जीव घेतल्याच्या वार्ता गावोगाव ऐकू येतात. परभणी जिल्हा यातून सुटलेला नाही. अशा घरी उपदेशकास बोलावणे येते, तेव्हा मंडळीत कुजबूज सुरू होते की, याने सहावी आज्ञा मोडली, याच्या प्रेतक्रियेस जावे की नाही, याच्या कबरेवर प्रार्थना करावी की नाही. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने सोळाशे वर्षांपूर्वी शिकविले की, आज्ञेत दुसऱ्याचा जीव आणि आपला जीव असा भेद केलेला नाही, म्हणून स्वतःस मारणे हेही मारणेच होय. मंडळीने ते शिक्षण स्वीकारले, आणि ते खरे आहे. जीव आपला नव्हे, ज्याने दिला त्याचा आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी त्याचा परिणाम उलटाच झाला. ज्यास जिवंतपणी कोणी विचारले नाही, त्यास मेल्यावर मात्र सर्वांनी जाब विचारला.

फिलिप्पै नगरातील तुरुंगाच्या अधिकाऱ्याची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. भूमिकंप झाला, दारे उघडली, कैदी पळाले असे समजून त्याने तरवार उपसली व आपला घात करणार तोच पौलाने आतून ओरडून त्यास थांबविले. पौलाने त्यास आज्ञा पढवून दाखविली नाही. आम्ही सर्व येथे आहो, एवढे सांगितले. तिरुपतीच्या रानात श्रीनिवासाने नकळत तेच केले. तो तर तोवर ख्रिस्ताचे नावही न घेणारा होता. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, अशा घरी उपदेशकाने जावे, प्रेतास खांदा द्यावा, प्रार्थना करावी, आणि मग गावातील उरलेल्या कर्जबाजारी घरांत त्याच आठवड्यात जाऊन बसावे. सरकारने 2022 पासून टेलि-मानस या नावाने 14416 हा विनामूल्य दूरध्वनी ठेविला आहे. मन फार खचलेल्या मनुष्यास त्यावर मराठीत बोलता येते. उपदेशकाने तो क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

शास्त्रीबुवांच्या मागे काही महिन्यांतच लक्ष्मीबाई गेल्या. हे रायचूर येथे झाले. आई तापात पडली होती, भान राहत नव्हते, आणि ती अन्न मागत होती. रमाबाई शेजारच्या ब्राह्मण बाईकडे बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागावयास गेल्या. आयुष्यात प्रथमच मागत होत्या. तोंडातून शब्द फुटेना. भाकरी मिळाली, पण आईस ती गिळवली नाही. मरण आल्यावर प्रेत उचलावयास माणसे मिळेनात. पुष्कळ वेळाने दोन ब्राह्मण आले, तिसरा श्रीनिवास, आणि चौथी रमाबाई. त्यांची उंची कमी पडत असल्याने तिरडीचे टोक खांद्यावर न घेता त्यांनी डोक्यावर घेतले, आणि सुमारे तीन मैल स्मशानापर्यंत नेले. थोरली बहीण कृष्णाबाई ही त्यानंतर पटकीने वारली.

एकाच कुटुंबातील ही मरणे. कोतवालीत नोंद झाली असती तर कोणावरही आरोप ठेवता आला नसता, कारण कोणी कोणास मारले नव्हते. वाटेवरच्या सर्व गावांतून हे चौघे-पाच जण गेले होते एवढेच.

बहीण-भाऊ मग पायी हिंदुस्थान फिरले. पंजाबात झेलम नदीच्या काठी हिवाळ्याच्या रात्री अंगावर पुरेसे वस्त्र नसल्याने वाळूत खड्डे करून, डोके तेवढे बाहेर ठेवून, कोरडी वाळू अंगावर ओढून ते झोपत. 1878 साली ते कलकत्त्यास पोचले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. हा भाग पुष्कळांस पाठ आहे, म्हणून येथे वाढवीत नाही. 1880 साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात निराळी असता, नोंदणीने विवाह केला. एप्रिल 1881 मध्ये मनोरमेचा जन्म झाला. फेब्रुवारी 1882 मध्ये पती पटकीने गेले. रमाबाई चोविसाव्या वर्षाच्या आतच विधवा झाल्या.

त्या वेळी आपल्या देशात उच्च जातींतील विधवेची दशा काय होती, हे आज ऐकणाऱ्यास खरे वाटणार नाही. नहाण न आलेल्या मुलीही विधवा होत. त्यांचे केशवपन होई, एक वेळ जेवण मिळे, आणि घरातील पुरुषांच्या वासनेपासून रक्षण करणारा कोणी नसे. मग मूल राहिले म्हणजे सर्व दोष तिचा. 1881 साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेने आपल्या नवजात अर्भकास मारले म्हणून न्यायालयाने तीस फाशीची शिक्षा ठोठावली. पुढे ती कमी करण्यात आली. त्या निकालावरून वर्तमानपत्रांत स्त्रीजातीची जी निंदा झाली तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली आपले पुस्तक छापले. याच्या कितीतरी आधी, 1863 साली, पुण्यात जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते, की अशा विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, आणि मूल मारू नये. तेथेच जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलास त्यांनी दत्तक घेतले. फुले ख्रिस्ती नव्हते. तथापि पुढे रमाबाईंवर सनातनी लोक तुटून पडले तेव्हा त्यांची बाजू त्यांनी लेखणीने राखली.

सुरतेच्या त्या खटल्यात आज्ञा कोणी मोडली? आईने मोडली, यात शंका नाही. अर्भकास तिनेच मारले. पण तिच्या हातून ते घडण्यापूर्वी ज्याने तीस नासविले, ज्यांनी तीस घराबाहेर काढण्याचा धाक घातला, आणि ज्या गावाने एक दारही उघडे ठेविले नाही, ते सर्व बाहेर मोकळे राहिले. प्रभूने डोंगरावरील उपदेशात सहावी आज्ञा घेऊन क्रोध आणि दुसऱ्यास मूर्ख म्हणून तुच्छ लेखणारी जीभ याच न्यायासनापुढे उभी केली, याचे कारण येथे समजते. हातापर्यंत गोष्ट येते त्याच्या फार आधी खून मनात आणि तोंडात सुरू झालेला असतो.

1882 साली रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. त्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर कमिशनापुढे त्यांनी साक्ष दिली. त्यात त्यांनी स्त्रियांसाठी स्त्री वैद्यांची मागणी केली. परपुरुषास नाडी दाखविण्यापेक्षा असंख्य बायका निमूट मरण पत्करतात, हे त्यांचे म्हणणे होते. याच कामासाठी 1885 साली लेडी डफरिन यांच्या नावाचा फंड निघाला, व त्यातून स्त्रियांची रुग्णालये झाली. लज्जेचा नियम जिवापेक्षा मोठा धरला तर तो नियमच मारणारा होतो, हे बाईंस आपल्या आईच्या भाकरीपासून ठाऊक होते.

1883 साली त्या वैद्यक शिकण्याच्या हेतूने इंग्लंडास गेल्या. बरोबर लहान मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. तेथे जे घडले ते आपल्या मंडळ्यांत सहसा सांगत नाहीत, पण लपवून लाभ नाही. आनंदीबाईंच्या मनाने असे घेतले की, आपणांस बळेच ख्रिस्ती करणार. आणि त्या भीतीच्या भरात एका रात्री त्यांनी रमाबाईंचा गळा दाबण्याचा यत्न केला, आणि तो फसला तेव्हा स्वतःचा जीव घेतला, असे ऑक्सफर्डचे पंडित माक्स म्युल्लर यांनी लिहून ठेविले आहे. त्यानंतर रमाबाई त्यांच्या घरी राहावयास आल्या तेव्हा त्यांस इतका धसका बसलेला होता की, रात्री खोलीत सोबतीस एक मोलकरीण झोपवावी लागे.

रमाबाई तेथील कडवी चीड मनात धरून परत फिरल्या असत्या तर कोणास नवल वाटले नसते. तसे झाले नाही. जोगिणींनी त्यांस लंडनच्या फुलहॅम भागातील आपले घर दाखविले. तेथे वाट चुकलेल्या, बाजारात बसलेल्या स्त्रियांस आणून ठेवीत, त्यांची सेवा करीत, त्यांस काम शिकवीत. अशा स्त्रीस हाकलून देणे किंवा शिक्षा करणे, याखेरीज आणखी काही करता येते, हे रमाबाईंनी प्रथम तेथे पाहिले. असे का करता, असे विचारल्यावर एका जोगिणीने त्यांस शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आपला तारणारा त्यांस खऱ्या अर्थाने उमगला तो त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी, हे त्यांचे स्वतःचेच म्हणणे आहे. पण फुलहॅमच्या त्या घराची आठवण त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

अमेरिकेत असता 1887 साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यात मुलीच्या जन्माविषयी लिहिताना त्यांनी शिरगणतीच्या हवाल्याने सांगितले आहे की, अमृतसर शहरातून एका वर्षात तीनशे मुले लांडग्यांनी नेली, आणि ती सर्वच्या सर्व मुली होत्या. त्या लांडग्यांस मुलगा व मुलगी यांतील भेद कसा कळे, हे वाचकाने समजून घ्यावे. आता लांडग्यांची गरज उरलेली नाही. गर्भाचे लिंग पाहून मुलीस पोटातच मारण्याची युक्ती निघाली, तेव्हा 1994 साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तरीही 2011 च्या शिरगणतीत आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे 807 मुली निघाल्या. ख्रिस्ती घरे या हिशेबाच्या बाहेर आहेत असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणावे.

परत आल्यावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. हिचा 1893 साली धोंडो केशव कर्वे यांशी पुनर्विवाह झाला. 1890 मध्ये सदन पुण्यास गेले, आणि 1893 साली, बाई मुलींस ख्रिस्ती करतात, असा गहजब झाला. केसरीने झोड उठविली, सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर आदी मोठ्या लोकांनी अंग काढून घेतले, आणि पुष्कळ मुली पालकांनी काढून नेल्या. बाईंच्या प्रार्थनेस मुली येऊन बसत हे खरे होते, व बाईंनी ते कधी नाकारले नाही. त्यांचा स्वभाव मऊ होता असेही नाही. त्या ताठ होत्या आणि बोलण्यात फटकळही. सदन मात्र बंद पडले नाही.

1897 साली पुण्यात प्लेगचा जोर झाला. सरकारने घरोघर झडत्या घेण्यास गोरे शिपाई लाविले, आणि लोकांचे फार हाल झाले. रमाबाईंच्या एका मुलीस प्लेगच्या सरकारी रुग्णालयात नेले असता तिचा घात झाला, अशी जाहीर तक्रार त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वर्तमानपत्रात आपल्या नावानिशी केली. सरकारने ती नाकारली. त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस, 22 जून रोजी, चापेकर बंधूंनी प्लेगचा अधिकारी रँड यास गोळी घातली. बरोबरचा आयर्स्ट हाही मेला, आणि त्याचा प्लेगच्या कारभाराशी संबंध नव्हता. चापेकरांस पुष्कळ लोक देशभक्त म्हणून मान देतात, त्यांच्या धैर्याविषयी येथे वाद नाही, आणि लोकांची कागाळी खोटी नव्हती. पण प्रत्येक मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, असे मानणाऱ्यास जुलमी अधिकाऱ्याचा वध हाही वधच दिसतो. तसेच, गोरा अधिकारी देखील देवाचे प्रतिरूप म्हणून गप्प बसावे, असेही सहावी आज्ञा सांगत नाही. बाईंनी गोऱ्या सरकारविरुद्ध, ख्रिस्ती असून, ख्रिस्ती वर्तमानपत्रात, उघड लिहिले. हे त्या काळी सोपे नव्हते.

याच सुमारास मध्यप्रांतात दुष्काळ पडला होता. ते ऐकून रमाबाईंस तिरुपतीचे रान आठवले असावे. त्या स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळाच्या छावण्यांत व वाटांवर त्यांनी पोरक्या मुली पाहिल्या, आणि त्यांस पळवून नेणारी माणसेही पाहिली. जवळ पुरता पैसा नसता त्यांनी एकंदर सुमारे तीनशे मुली आणिल्या. प्लेगमुळे इतक्या जणींस पुण्यात ठेवण्यास परवानगी मिळेना, म्हणून त्यांस केडगावच्या मोकळ्या जमिनीवर नेण्यात आले. ती जमीन बाईंनी शारदा सदनास फळबागेचे उत्पन्न व्हावे म्हणून घेऊन ठेविली होती. तेथे प्रथम तंबू व गवती झोपड्या, मग इमारती झाल्या. त्या वस्तीस मुक्ती हे नाव मिळाले.

पुढे 1899-1900 चा, आपल्याकडे ज्यास छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, तो आला. शके 1821 होते, पण विक्रम संवत 1956, म्हणून ते नाव. निजामाच्या राज्यातील आपल्या मराठवाड्यावर तो फार कडक गेला. मनमाडहून पूर्णेवरून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग याच सुमारास तयार होत होता. रमाबाईंची माणसे या वेळी गुजराथेत गेली आणि शेकडो मुली घेऊन आली. मुक्तीतील वस्ती दोन हजारांच्या जवळ पोचली. त्यांतील पुष्कळ मुली हाडांचे सापळे होत्या. किती तरी येऊनही वाचल्या नाहीत. उरलेल्यांस विणकाम, शिवण, तेल गाळणे, दूधदुभते, छापखान्याचे काम शिकविले. अंध स्त्रियांस बोटांनी वाचण्याची लिपी शिकविली. आणि फुलहॅमला पाहिले होते तसे एक घर, कृपा सदन या नावाने, फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी उभे राहिले. ज्या विधवेस सुरतेत दार मिळाले नाही, तशीस केडगावात मिळाले.

ल्यूथरने 1529 साली मुलांसाठी व साध्या लोकांसाठी जी लहान प्रश्नोत्तरावली लिहिली, तीत सहाव्या आज्ञेचा अर्थ सांगताना (त्याच्या गणनेत ती पाचवी आहे) तो शेजाऱ्यास इजा न करण्यावर थांबत नाही. देहाच्या प्रत्येक गरजेत त्यास साहाय्य करणे हेही तो त्याच आज्ञेत घालतो. स्कॉटलंडच्या मंडळीने मानलेल्या वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत तर जीव राखण्यास लागणारी साधने न पुरविणे, हे आज्ञाभंगाच्या यादीत स्पष्ट लिहिलेले आहे. यरीहोच्या वाटेवर याजक व लेवी यांनी त्या घायाळ मनुष्यास एक चापटही मारली नव्हती. ते दुसऱ्या बाजूने गेले. आपण उपदेशक ही आज्ञा शिकविताना पहिला अर्धा भाग शिकवितो आणि दुसरा बहुधा विसरतो. तो विसरल्यामुळेच मंडळीस सहावीपाशी हायसे वाटते.

मुक्तीविषयी आक्षेप घेणारे तेव्हा होते व आजही आहेत. भुकेच्या मुलीस अन्न देऊन तिचा धर्म बदलला, असे ते म्हणतात. या आक्षेपाकडे कानाडोळा करू नये. भाकरीस अट घालणे हे ख्रिस्ताचे काम नव्हे, आणि आपल्या मिशनांच्या इतिहासात अशा चुका झाल्या आहेत. केडगावात दर दिवशी ख्रिस्ताचे नाव घेतले जाई, हेही खरे. तथापि त्या आक्षेप घेणाऱ्यांपैकी मध्यप्रांताच्या वाटेवर त्या वर्षी किती जण होते, हा प्रश्न रमाबाई जिवंत असत्या तर त्यांनी खचित विचारला असता, आणि तो फटकळपणेच विचारला असता.

उतारवयात त्यांस ऐकू येईनासे झाले. मूळ इब्री व हेल्लेणी भाषा शिकून, खेड्यातील अडाणी बाईसही कळावे अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरविण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते, व अनेक वर्षे त्यातच घालविली. 1919 साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. 24 जुलै 1921 रोजी मनोरमा, जी आईच्या मागे सर्व कारभार पाहावयाची होती, ती चाळिसाव्या वर्षी वारली. आईने काम थांबविले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई केडगाव येथे प्रभूजवळ गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते.

ते शास्त्र 1924 साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळविणे, छापणे, बांधणे ही सर्व कामे तेथील स्त्रियांनीच केली, आणि त्यांत दुष्काळाच्या वाटेवरून उचलून आणलेल्या मुली होत्या. निर्गमाच्या विसाव्या अध्यायाचे खिळेही त्यांच्याच हातांनी बसविले गेले. केडगाव दौंडहून पुण्याकडे जाताना लागते; मुक्ती मिशन आजही तेथे आहे, आणि ज्यांस दुसरे घर नाही अशा स्त्रिया व मुली आजही तेथे राहतात.